कडता

गुळाच्या सौद्यात एकतीस वर्षं तोलाई केली.
रवा काट्यावर चढायच्या आधीच हात सांगायचा:
तीस. एकोणतीस आठशे. हा ओला आहे, कडता धरा.
त्याच हाताला आता ग्रॅम शिकवतोय.

ओट्यावर पुतणीचा केक मोजायचा काटा,
बशीएवढा, काचेचा,
फुंकर घातली तरी आकडा हलतो.
एकेक वस्तू ठेवतो आणि वहीत उतरवतो,
जुनी सवय, डावीकडे माल, उजवीकडे वजन.
स्टीलचा तांब्या चारशे दहा. बाद.
पाण्याची रिकामी प्लॅस्टिक बाटली बावीस.
सतरंजी दीड किलो.
तिच्यापुढे फुली मारायच्या आत वैजू म्हणाली,
ती जायची नाहीच, माझ्या माहेरची आहे.
टूथब्रशची दांडी करवतीनं कापली,
सहा ग्रॅम वाचले
आणि आठवडाभर घरात तेवढाच विषय.

लक्ष्मीपुरीत गजेंद्र मिणचेकर शाळेची दप्तरं शिवतो.
त्याला म्हटलं, छत्रीच्या कापडाची सॅक करून दे,
खण नको, चेन नको, नुसतं तोंड आणि नाडी.
"भावा, ही सॅक हाय का तांदळाची पिशवी?"
पण पाठीला टोचू नये म्हणून
झोपायची चटईच घडी करून त्यानं आत सरकवली.
एका मालाची दोन कामं.
हे डोकं त्याचं, माझं नव्हे.
शिलाई एकशे ऐंशी, वजन दोनशे सत्तर,
दोन्ही आकडे लिहिले.

तंबू बघायला गेलो.
दुकानदार म्हणाला दोन किलो, हात म्हणाला अडीच.
पिशवी आणि खुंट्या त्यानं धरल्याच नव्हत्या.
बारदान सोडून वजन सांगायची रीत इथंही आहे तर.
पातळ ताडपत्री घेऊन परत आलो,
खांब म्हणून चालायची काठी.

कांदा-लसूण चटणी साठ ग्रॅम धरली होती.
वैजूनं डब्यात अंगठ्यानं दाबून भरली. एकशे चाळीस.
काढतो म्हटलं.
काढ की, म्हणाली.
काढली नाही.

एकूण चार किलो नऊशे, पाणी सोडून.
रात्री सगळं पाठीला लावलं
आणि माणसांच्या काट्यावर उभा राहिलो.
नव्वद किलो नऊशे.
वजाबाकी तोंडीच झाली.
कडता कुठं धरायचा ते कळलं,
वहीत मात्र लिहिलं नाही.

मसाई पठारावर नवरात्र उलटून गेलेली एक संध्याकाळ.
ताडपत्री मिणचेकरच्या मशीनसारखी दडदडत होती.
म्हशी पुढं काढून धुळाप्पा वाटेवर थांबला.
त्याच्या खांद्यावरचं घोंगडं विचारून हातात घेतलं.
परतीच्या पावसात भिजलेलं.
तीन सहाशे, हात म्हणाला.
त्यात लोकर किती, पाणी किती,
किती वर्षांचा धूर,
सांगता येईना.
एकतीस वर्षांत कडता ठरला नाही
असा हा पहिला माल.

त्यानं माझी सॅक एका बोटावर उचलली,
हलवून बघितली.
"जेवान इसरून आलासा जनू?"
मी डबा काढला. भाकरी त्याची.
वरचे ऐंशी ग्रॅम तिथंच संपले,
खालचे साठही.
बोटं चाटत तो म्हणाला, आनी हाय का?

मध्यरात्री थंडी आली.
होतं नव्हतं ते अंगात घातलं,
चटई काढून रिकामी सॅक पायांवर ओढली.
एका मालाची तीन कामं,
मिणचेकरला सांगायला हवं.
तरी गुडघे पोटाशीच.
अंधारात हात उगीच उघडा ठेवला होता.
सतरंजी. दीड किलो.
त्याला ती अजून बरोबर आठवत होती.